टेपवरचं संगीत: इलेक्ट्रॉनिक आणि प्रायोगिक रेकॉर्डिंग्ज ऐकताना, घेताना, सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे प्रश्न मुख्यतः १९४८ नंतरच्या टेप-संगीताबद्दल, सिंथेसायझरवरच्या दीर्घ रचनांबद्दल आणि त्यांच्या आसपासच्या समकालीन अभिजात संगीताबद्दल आहेत. 'कळत नाही' आणि 'बिघडलंय' या दोन तक्रारी सर्वांत जास्त येतात, आणि बऱ्याचदा दोन्हींचं मूळ एकच असतं: आवाज कुठून आणि कसा वाजवला जातोय.

रेकॉर्डिंगच्या बारकाव्यांवर एवढा भर कशासाठी? गाणं ते गाणं.

ख्यालाच्या रेकॉर्डिंगमागे एक मैफल असते. रेकॉर्डिंग वाईट असलं तरी कान मैफल ओळखतो. इथे मागे मैफलच नाही. पिएर शेफर यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये बातिन्योल स्थानकावरच्या आगगाड्यांचे आवाज घेऊन रेल्वेवरचा 'एत्यूद' रचला, तेव्हा वादक नव्हते, वाजवायची स्वरलिपी नव्हती. टेपसुद्धा नव्हती, तबकडीवर खोबणी बंद वर्तुळात कापून तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवला जाई. ५ ऑक्टोबर १९४८ला फ्रेंच रेडिओवरून ते लोकांनी ऐकलं. म्हणजे जे मुद्रित आहे तीच कृती. त्यातला खालचा सूर तुमच्या स्पीकरने गाळला, तर कृतीचाच तुकडा गळाला.

सुरुवात कुठून करू?

वर्षांच्या क्रमाने अजिबात नको. त्या वाटेने गेलेले बहुतेक जण तिसऱ्या दिवशी परततात. हे चार पुरेत:

ल्युक फेरारी यांचं 'प्रेस्क रियाँ', क्रमांक १. क्रोएशियातल्या कोर्चुला बेटावरच्या एका मच्छीमार गावातली पहाट, २१ मिनिटांत. होड्यांची इंजिनं, माणसांचे आवाज आणि शेवटी रातकिड्यांसारखी कर्कश किर्र करणारे सिकाडा किडे. 'यात संगीत कुठे आहे?' हा प्रश्न पडला तर पडू द्या, रचनेला तोच हवाय.

ॲल्विन ल्युसिए यांचं 'आय ॲम सिटिंग इन अ रूम'. माणूस एक परिच्छेद बोलतो, ते खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड करतो, ते पुन्हा वाजवतो. १९८०च्या मुद्रणात हे ३२ वेळा होतं, सुमारे ४५ मिनिटं. खोलीला जे स्वर आवडतात ते वाढत जातात, शब्द विरघळतात. मध्येच पुढे ढकलून ऐकू नका. तसं केलं तर गंमत उरत नाही.

पॉलीन ऑलिव्हेरॉस आणि साथीदारांचं 'डीप लिसनिंग' (१९८९). वॉशिंग्टन राज्यातल्या जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत केलेलं. घुमारा ४५ सेकंद टिकतो, त्यामुळे अकॉर्डियनचा एक स्वर सोडला की पुढचा त्याच्यावरच चढतो.

चौथं मॉर्टन सुबॉटनिक यांचं 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' (१९६७). नन्सच कंपनीने एलपीसाठीच करवून घेतलेली रचना, म्हणून तिचे बरोबर दोन भाग, एका बाजूला एक. ताल हवा असेल तर आधी दुसरी बाजू लावा.

सूरच सापडत नाही. माझा कान कच्चा आहे का?

उलट, कान पक्का असल्यामुळेच अडखळतोय. श्टॉकहाउझन यांची 'श्टूडी २' (१९५४) घ्या. त्यात ८१ कंपनसंख्या आहेत, १०० हर्ट्झपासून वर, आणि प्रत्येक पायरी आपल्या बारा स्वरांच्या पायरीपेक्षा साधारण नवव्या हिश्शाने मोठी. अशा शिडीवर चढताना दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे तार सप्तकातला सा, कधीच लागत नाही. तो टाळावा म्हणूनच शिडी तशी बांधलीय. तेव्हा सा शोधणं सोडा आणि आवाज कुठे सुरू होतो, किती जाड आहे, कसा विझतो एवढंच धरा. रचना जेमतेम सव्वातीन मिनिटांची आहे. सलग तीनदा ऐकणं परवडतं.

सीडी अडकतेय, कटकट वाजतेय. खराब आहे की अशीच आहे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रास्त. यासुनाओ तोने यांनी सीडीवर भोकं पाडलेली चिकटपट्टी लावून प्लेअरला चुका करायला लावल्या आणि त्या चुकांचंच संगीत 'सोलो फॉर वूंडेड सीडी' (१९९७) म्हणून प्रसिद्ध केलं. ओव्हल या जर्मन गटानेही अडखळणाऱ्या सीड्यांवरच काम उभं केलं. विल्यम बसिन्स्की यांच्या 'डिसइंटिग्रेशन लूप्स'मध्ये जुनी टेप डिजिटल करताना तिच्यावरचा लोहाचा थर खरोखर गळत जातो आणि आवाजाला खिंडारं पडतात. असल्या ठिकाणी कानावर भिस्त ठेवू नका, संगणकाला विचारा:

१. सीडी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'ने (मॅकवर 'एक्सएलडी'ने) सुरक्षित पद्धतीत उतरवून घ्या.
२. तोच ट्रॅक पुन्हा उतरवा. दोन्ही वेळचा चेकसम (फायलीतल्या माहितीवरून निघणारा ओळख-आकडा) पाहा.
३. चेकसम जुळला, तर कटकट बहुधा रचनेतलीच आहे. वेगळा आला, तर तबकडीवर ओरखडा किंवा डाग आहे.
४. 'ॲक्युरेटरिप'मध्ये इतरांच्या प्रतींशी जुळणी दिसली तर शंकेला जागाच नाही.

यामागचं कारण: सीडीवर माहिती विखरून लिहिलेली असते, त्यामुळे साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग ओरखडा प्लेअर पूर्ण भरून काढतो. त्याहून मोठा असेल तर अंदाजाने सांधतो, आणि अंदाज दर वेळी तोच येईल याची खात्री नसते. मुद्दाम केलेली चूक मात्र नव्या सीडीवर 'बरोबर' माहिती म्हणून छापलेली असते, ती दर वेळी तंतोतंत तशीच येते.

सीडी कडेकडून तांबूस होत चालली असेल तर वाट पाहू नका, आजच उतरवा. १९८८ ते १९९३च्या दरम्यान इंग्लंडमध्ये छापलेल्या काही तबकड्यांना हा रोग आहे, आणि त्या काळातल्या बऱ्याच छोट्या लेबलांच्या सीड्या त्यात सापडतात.

मागे सतत 'घूं' आवाज आहे. तो कुणाचा?

संगीत थांबवा. घूं चालूच राहिली तर ती तुमच्या वायरिंगची: अर्थिंग तपासा, ॲम्प आणि संगणक एकाच बोर्डावर घ्या, लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. संगीताबरोबर थांबली तर ती मुद्रणातली. मोबाइलवर एखादं फुकट स्पेक्ट्रम ॲप धरलं तर आणखी एक खूण मिळते: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरचा घूं ५० आणि १००वर दिसतो, अमेरिकेची वीज ६०ची, तिथल्या स्टुडिओतला ६० आणि १२०वर. बरेच रचनाकार ती घूं जाणूनबुजून ठेवतात, म्हणून फिल्टर लावून 'साफ' करायच्या भानगडीत पडू नका.

एकच लांबलचक स्वर आहे, पण मान हलवली की तो बदलतो. असं का?

तुमच्या खोलीमुळे. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट अंतर असेल, तर साधारण ५७ हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये ठाण मांडतो: भिंतीला टेकलात तर दणदणीत, बरोबर मध्यावर जवळपास गायब. त्याच्या दुपटीला, ११४ला, मध्यावर दणका आणि भिंतीपासून अडीच फुटांवर पोकळी. गाण्यात स्वर बदलत राहतात म्हणून हे झाकलं जातं, स्थिर स्वरात उघडं पडतं. १० फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर कान येतील असं बसा. मध्यावर आणि भिंतीला चिकटून, दोन्ही टाळा. स्पीकर कोपऱ्यातून किमान दीड-दोन फूट पुढे. गाद्या, पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड पडदे यांनी वरचे सूर आवरतात, ५७ हर्ट्झ नाही.

एलियान रादिग यांच्या कामात हे सगळ्यांत महत्त्वाचं. 'ट्रिलॉजी द ला मोर' (१९८८ ते १९९३) ही एआरपी २५०० सिंथेसायझरवरची सुमारे तीन तासांची रचना. तिच्यात घडतं ते जवळजवळच्या सुरांच्या हेलकाव्यांत: १०० आणि १०१ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला एक हेलकावा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा पुरत्या जुळल्या नसतील तर येतो तोच. तंबोरा लावताना बसलेल्याला रादिग समजावून सांगावी लागत नाही. आवाज मात्र मध्यम ठेवा. मोठा केला की खोलीच बोलायला लागते.

मोबाइलवर, ब्लूटूथवर ऐकलं तर चालेल?

फेरारी चालेल, रादिग नाही. मोबाइलच्या स्पीकरमधून ३०० हर्ट्झखाली फारसं काही येत नाही, म्हणजे १०० आणि १०१ हर्ट्झ, दोन्ही सूर गेले. शिवाय पुष्कळ छोटे ब्लूटूथ स्पीकर डावा-उजवा एक करतात. एकमेकांच्या उलट कलेत (फेजमध्ये) ठेवलेले आवाज त्यात एकमेकांना खाऊन टाकतात आणि रचनेतला आख्खा थर नाहीसा होतो. साधे, मागून बंद, तारेचे हेडफोन यापेक्षा कितीतरी बरे.

र्‍योजी इकेदा यांच्या '+/-' (१९९६) या अल्बमच्या शेवटी एक अतिउच्च सूर आहे. तो चालू असताना लक्षात येत नाही, थांबला की काहीतरी गेल्यासारखं वाटतं. तो ऐकू आला नाही म्हणून आवाज वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९०ला आठवड्याचे चारच तास उरतात.

सलग रचनेत ट्रॅक बदलताना क्षणभर खंड पडतो.

एमपी३ फायली आहेत. एमपी३चा एक घास ११५२ नमुन्यांचा, म्हणजे २६ मिलिसेकंदांचा, आणि फाइल बनवताना पुढे-मागे शांततेची भर पडते. फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फायलीच्या प्रकारात) ती पडत नाही. उपाय: फ्लॅक घ्या, खंड न पाडणारा प्लेअर वापरा (विंडोजवर 'फूबार२०००', 'व्हीएलसी' या कामाला बरा नाही), आणि स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'गॅपलेस' चालू, 'क्रॉसफेड' शून्य. 'शफल'बद्दल वेगळं सांगायला नको.

कुजबुजीसारखी सुरुवात मोठी होते, आणि पुढचा दणका बारीक. हा काय प्रकार?

ॲपमधलं आवाज सारखं करण्याचं सेटिंग. स्ट्रीमिंग सेवा साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या जोराचं एकक) पातळीवर सगळं आणू पाहतात. पॉप गाण्यांच्या यादीत ते सोयीचं असतं. इथे ट्रॅकनिहाय लावलं तर एका रचनेचे हलके आणि जोरकस भाग एका पातळीत येतात. बंद करा, किंवा अल्बमनिहाय ठेवा. मग आवाजाची पातळी ठरवताना सर्वांत जोरकस जागा आधी शोधा आणि तिथे बेताचं ठेवा. सुरुवात ऐकू येत नाही म्हणून बटण फिरवणाऱ्यांना झेनाकिससारखे रचनाकार एकदा तरी शिक्षा करतातच.

मूळ रचना चार-आठ चॅनेलची आणि माझ्याकडे दोन स्पीकर. काय हुकतं?

दिशा. श्टॉकहाउझन यांच्या 'गेझांग देअर युंगलिंग' (१९५६) मध्ये मुलाचा आवाज श्रोत्यांभोवती ठेवलेल्या स्पीकर-संचांतून फिरतो. झेनाकिस यांची 'पर्सेपोलिस' ही आठ ट्रॅकची, १९७१ साली इराणमधल्या प्राचीन अवशेषांत रात्री वाजलेली. स्टीरिओ प्रतीत हे सगळं दोघांत कोंबलेलं असतं, आणि कोंबण्याचा निर्णय प्रत्येक आवृत्तीत वेगळा. म्हणून अशा रचनांच्या दोन आवृत्त्या ऐकून मगच मत बनवावं.

एक धोका: डीटीएस प्रकारची सराउंड सीडी साध्या प्लेअरमध्ये टाकली तर संगीताऐवजी पूर्ण ताकदीची खरखर येते. ती प्रायोगिक रचना नाही. ताबडतोब बंद करा. डीकोडर असलेल्या रिसीव्हरला डिजिटल तारेने जोडल्याशिवाय ती तबकडी वाजणार नाही.

एलपी घ्यावी की सीडी?

या संगीतापुरतं सरळ उत्तर: सीडी किंवा फ्लॅक. एलपीच्या एका बाजूला २२ मिनिटांच्या वर गेलं की आवाज दबवून कापावा लागतो, आणि हलक्या रचनेत खोबणीची खसखस वर येते. खालचे सूर डावीकडे-उजवीकडे उलट कलेत असतील तर सुई उडते, म्हणून कापणारा ते मध्यावर आणतो. म्हणजे रचना बदलली. रचनाकार मॉर्टन फेल्डमन यांच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचं (१९८३) फ्लक्स क्वार्टेटने केलेलं मुद्रण सहा तासांच्या वर आहे. ते पाच सीड्यांवर आलं आणि एका डीव्हीडीवर सलगही. ही तर एलपीवर कल्पनाच करवत नाही. अपवाद सुबॉटनिकसारख्यांचा, ज्यांनी एलपीच्या बाजू धरूनच रचना केली.

वेग बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

लेबल वाचून, कारण कान इथे फसतो. ३३⅓ची तबकडी ४५वर लागली तर सा जवळजवळ शुद्ध मध्यमावर जातो. गाणाऱ्याचा आवाज असता तर लगेच कळलं असतं, संथ सिंथेसायझरमध्ये पत्ता लागत नाही. १९७३ साली बीबीसीवर रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांची टेप चक्क उलटी वाजली होती. डिजिटल फायलीत वेगळा घोटाळा होतो: ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ची समजून वाजली की स्वर दीड श्रुती नव्हे, जवळपास दीड अर्धस्वर चढतो आणि ६० मिनिटांची रचना ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपते. छापील वेळेशी ताडून पाहा.

भारतातलं काही आहे का?

आहे, आणि बरंच जुनं. डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केलं. टेप संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस यांनी त्या धुंडाळल्या आणि १९६९ ते १९७२ मधलं निवडक काम २०२३ साली 'द एनआयडी टेप्स' म्हणून आलं. सुरुवातीच्या यादीत पाचवं नाव हवं असेल तर हेच.

मुंबईच्या चरणजित सिंग यांची १९८२ची रागांची डिस्को तबकडी लोक याच रांगेत बसवतात. ती मजेची आहे, यंत्रंही तीच जी पुढे ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची झाली, पण तिचा पिंड नाचाचा.

दुसरा धागा किराणा घराण्याचा. ला माँट यंग आणि टेरी रायली हे दोघे १९७० पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकले. अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे ज्या घराण्याचं मिरजेशी नातं जडलं, तेच हे घराणं. यंग यांचा शुद्ध स्वरांतरांत लावलेला पियानो पाच तास चालतो (१९८१चं मुद्रण, १९८७ला प्रसिद्ध). तो ऐकताना स्वरांच्या लगावाकडे लक्ष दिलं तर ओळखीचं घर सापडेल.

विकत कुठून घ्यायचं?

बरीच छोटी लेबलं बँडकॅम्पवर आहेत. तिथे ब्राउझरमध्ये वाजतं ते १२८चं एमपी३ असतं, त्यावरून दर्जा ठरवू नका. विकत घेतल्यावर फ्लॅक किंवा वेव्ह उतरवता येतं. पैसे अडकले तर बहुधा कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करा. एलपी मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, एकट्या तबकडीला तो क्वचितच परवडतो.

फायलींना नावं कशी द्यावीत?

'कलाकार' या एका रकान्यात सगळं कोंबलं की शोधणं संपलं. रचनाकार, कृती, सादरकर्ते वेगळे ठेवा आणि वर्षं दोन लिहा, रचनेचं आणि प्रकाशनाचं. टेप-रचनेत सादरकर्त्याच्या जागी स्टुडिओ: 'श्टॉकहाउझन, श्टूडी २ (१९५४), कलोन रेडिओ स्टुडिओ'. एकाच कृतीच्या अनेक आवृत्त्या जमणार आहेत, म्हणून लेबल आणि क्रमांक फोल्डरच्या नावात घाला.

पावसाळ्यात तबकड्यांना बुरशी येते.

कोकणात, गोव्यात, मुंबईत येणारच. पन्हळीच्या भिंतीला लागून कपाट नको. कॅमेरेवाले वापरतात ती ड्राय कॅबिनेट ४० ते ४५ टक्के आर्द्रतेला ठेवली की प्रश्न मिटतो. नाहीतर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक. एलपीवरचा पांढरा ठिपका कोरडा पुसू नका, बीजं खोबणीत दाबली जातात. तोंडाला मास्क, गॅलरीत उभं राहून, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल, खोबणीच्या दिशेने मऊ ब्रश, मग नुसतं पाणी, उभी ठेवून पूर्ण सुकवणं. लेबल भिजू देऊ नका. आतलं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशी त्यातच राहते. लाखेच्या ७८च्या तबकड्यांना अल्कोहोल लागता कामा नये, लाख विरघळते.

माळ्यावर स्पूलची टेप सापडलीय. लावून बघू का?

थांबा. आधी रीळ उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, अपारदर्शक असेल तर पॉलिएस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती वेगळ्या डब्यात ठेवा, वास संसर्गासारखा पसरतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेपांचा चिकट थर दमट हवेत पाणी ओढतो. लावली की किंचाळते आणि हेडवर तपकिरी लगदा सोडते. अशी टेप प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ५४ अंश सेल्सिअसला आठेक तास भाजतात आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरवून घेतात. घरच्या ओव्हनचा काटा २० अंश इकडेतिकडे असतो, त्यात नको. आणि ॲसिटेट तर कधीच भाजायची नाही. उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट: तासाला साधारण २ जीबी. डब्यावरचं हस्ताक्षर, वेग (सेकंदाला ९.५, १९ की ३८ सेंटिमीटर) आणि टेपवरच्या सांध्यांचे फोटो आधी काढा. सांधे सुटले तर क्रम त्या फोटोंवरूनच लागेल.

इतकी जुनी रेकॉर्डिंग आता मोकळी असतील ना?

भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं आणि रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही वेगवेगळे मोजायचे. शेफर १९९५ साली गेले, तेव्हा १९४८च्या आगगाड्याही आपल्याकडे २०५५ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्याच.